तंजावरच्या भोसल्यांचा वारसा : दत्तक, पालकत्व आणि न्यास यांचा एक इतिहास

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी समाजाच्या इतिहासात तंजावरचे स्थान अनन्यसाधारण आहे. शहाजीराजांचे पुत्र व शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीच्या या सुपीक प्रदेशात आपली गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, भोसले घराण्याने येथे राज्य केले. या घराण्याच्या विद्याप्रेमाविषयी, सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी, संगीत-नृत्य-नाट्याला त्याने दिलेल्या आश्रयाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु या इतिहासाची आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे कायद्याचे अभ्यासक सोडले तर फारसे कोणी वळत नाही. ती म्हणजे वारशाची. दत्तक कोणाला व केव्हा घेता येतो, अज्ञान मुलाचा पालक कोण, विधवेचा व मुलीचा हक्क किती, राजाची खाजगी मालमत्ता कोणती व राज्याची कोणती, देवासाठी व लोकांसाठी ठेवलेले धन कोणी सांभाळावे, या प्रत्येक प्रश्नाने तंजावरच्या राजवाड्याचे दार कधी ना कधी ठोठावलेले आहे. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत तंजावरच्या राण्यांची नावे अद्याप छापली जातात ती याच कारणाने. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात सांगून, त्यातील प्रश्नांना आजच्या कायद्याने कोणती उत्तरे दिली आहेत ते पाहण्याचा विचार आहे.

दत्तकाचा प्रश्न

वारशाच्या अनिश्चिततेचे परिणाम तंजावरने फार लवकर भोगले. तुकोजीराजे १७३६ मध्ये वारले आणि पुढच्या तीन वर्षांत गादीवर एकामागून एक तीन व्यक्ती आल्या. तुकोजींचे पुत्र दुसरे एकोजी अल्पकाळातच निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांची विधवा सुजानबाई हिने काही काळ राज्य केले. तिच्यानंतर काट्टुराजा या नावाने ओळखला जाणारा, आपण पहिल्या सरफोजींचे पुत्र आहोत असे सांगणारा एक हक्कदार गादीवर आला. अखेर १७३९ मध्ये तुकोजींचेच दुसरे पुत्र प्रतापसिंह गादीवर बसले तेव्हा राज्याला स्थैर्य लाभले. तथापि या तीन वर्षांत दरबारातील व किल्ल्यातील बलिष्ठ माणसांना राजे करण्याची व उतरविण्याची जी चटक लागली, तिची किंमत राज्याला पुढे दीर्घकाळ मोजावी लागली.

प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी १७६३ मध्ये गादीवर आले. त्यांची कारकीर्द संकटांनी भरलेली होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये ते राजांना परत मिळाले, परंतु ते कंपनीच्या छायेखालीच. त्यातच राजांची मुलेबाळे एकही वाचली नाहीत. मृत्यू समोर दिसू लागल्यावर त्यांनी जानेवारी १७८७ मध्ये भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतील एक मुलगा दत्तक घेतला. हेच पुढे दुसरे सरफोजी म्हणून कीर्ती पावले. त्यांचा जन्म सप्टेंबर १७७७ चा, म्हणजे दत्तकविधानाच्या वेळी ते दहाव्या वर्षात होते.

राजांपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. एवढ्या लहान मुलाला सांभाळणार कोण? तंजावरात अनेक वर्षे राहिलेले जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या सचोटीवर राजांचा पूर्ण विश्वास होता. मुलाचे पालकत्व त्यांनी श्वार्ट्झ यांना देऊ केले. श्वार्ट्झ यांनी आरंभी ते स्वीकारले नाही. राजवाड्याच्या अंतर्भागात ज्याला प्रवेश नाही अशा परक्या माणसाने हे दायित्व कसे पार पाडावे, असा त्यांचा रास्त विचार होता. मुलगा वयात येईपर्यंत राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी कारभार पाहावा, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे व्यवस्था ठरली आणि थोड्याच दिवसांत राजे निवर्तले.

पालकत्वाच्या कायद्याचे एक जुने सूत्र आहे की, अज्ञान मुलाच्या मरणाने किंवा हक्क बुडाल्याने ज्याचा लाभ होईल अशा माणसाच्या हाती मुलाला सोपवू नये. येथे नेमके तेच झाले. अमरसिंहांनी स्वतःच गादीवर हक्क सांगितला आणि दत्तकविधानच अशास्त्रीय आहे असा आक्षेप घेतला. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी पंडितांना विचारले. पंडितांनी दत्तकाविरुद्ध मत दिले. त्यात मुख्य मुद्दे तीन होते. पहिला, दत्तक घेताना राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते. दुसरा, मुलाचे वय दत्तकास योग्य अशा मर्यादेपलीकडे गेले होते. तिसरा, तो आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक मुलगा होता आणि एकुलता मुलगा देऊ नये व घेऊ नये असे वसिष्ठांचे वचन आहे. या मताच्या आधारे कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसविले.

त्यानंतरची सहा वर्षे सरफोजींनी ज्या स्थितीत काढली, तिच्याविषयी श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे वारंवार तक्रारी केल्या. मुलाला कोंडल्यासारखे ठेवले आहे, त्याच्या शिक्षणाची काही व्यवस्था नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जे पालकत्व त्यांनी आरंभी नाकारले होते ते आता त्यांनी मनोभावे पत्करले. १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ व त्यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडण्यात आला. उत्तरेकडील पंडितांचीही मते घेण्यात आली व ती सरफोजींना अनुकूल पडली. जून १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना बाजूला सारून सरफोजींना गादीवर बसविले. ते पाहण्यास श्वार्ट्झ राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला होता. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारकशिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. एका हिंदू राजाने आपल्या ख्रिस्ती पालकाचे ऋण असे फेडले.

शास्त्रार्थ बदलला याचे श्रेय केवळ शास्त्राला देता येणार नाही. गादी मिळाल्यावर सव्वा वर्षातच, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, सरफोजींना राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन करावा लागला. त्यांच्याकडे किल्ला व त्याचा परिसर राहिला आणि वर्षाला एक लक्ष पॅगोडा व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न राहिले. अमरसिंहांना नेमणूक देऊन तिरुविडैमरुदूर येथे ठेवण्यात आले आणि १८०२ मध्ये ते तेथेच वारले. वारसाचा हक्क ज्याच्या हाती, राज्यही त्याच्याच हाती, असा हा प्रकार होता.

तथापि शास्त्राचा प्रश्न म्हणून हा वाद पुढे शंभर वर्षे चालू राहिला. एकुलत्या मुलाच्या दत्तकाविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते निरनिराळी होती. अखेर १८९९ मध्ये मद्रास व अलाहाबाद येथून आलेल्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, वसिष्ठांचे वचन हा सदुपदेश आहे. तो मोडणाऱ्याला दोष लागेल, परंतु झालेले दत्तक त्यामुळे रद्द होत नाही. वयाच्या बाबतीत तर महाराष्ट्राची परंपरा पूर्वीपासून उदार होती. नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाप्रमाणे विवाहित पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली आहे, परंतु ज्यांच्यात तशी रूढी आहे त्यांना ती लागू नाही. अर्थात १७८७ चे दोन शास्त्रीय आक्षेप आज टिकणार नाहीत. टिकेल तो पहिलाच, चित्त ठिकाणावर असण्याचा. दत्तक असो वा मृत्युपत्र असो, ते करणारा शुद्धीवर होता काय, हा प्रश्न आजही न्यायालयात सर्वांत आधी विचारला जातो. तुळजाजींनी हे दत्तकविधान मृत्युशय्येवर न करता दोन वर्षे आधी केले असते, तर अमरसिंहांच्या हाती हे शस्त्र आले नसते.

राण्यांचा दावा

सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी १८३२ मध्ये गादीवर आले आणि २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता व त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. त्यांच्या पश्चात अनेक विधवा राण्या व दोन मुली होत्या. त्यांतील थोरली मुलगीही लवकरच वारली. सातारा, नागपूर व झाशी यांचे जे झाले ते ताजे असताना तंजावरचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरीही येथील रेसिडेंट फोर्ब्स यांनी राजकन्येचा हक्क मान्य करावा अशी शिफारस केली होती, हे नमूद केले पाहिजे. कंपनीच्या संचालकांनी १८५६ मध्ये ती फेटाळली. हिंदू राजाच्या मुलीला गादीचा वारसा देणारा कायदा नाही व रूढीही नाही, असे त्यांचे म्हणणे. सुजानबाई या विधवा राणीने याच गादीवरून राज्य केले होते. ती मुलगी नव्हती हे खरे, पण या घराण्यात स्त्रीचे राज्य अश्रुतपूर्व होते असेही म्हणता येत नव्हते.

गादी गेली एवढ्यावर हे थांबले नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये फोर्ब्स यांनीच, आता कमिशनर म्हणून, फौज लावून राजवाडा ताब्यात घेतला. खोल्यांना कुलपे घालून मोहरा लावण्यात आल्या. राज्याच्या मालमत्तेबरोबर राजांची खाजगी मालमत्ताही जप्त झाली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी हे निमूटपणे सोसले नाही. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला. राज्य तुम्ही घेतले असेल, पण नवऱ्याची खाजगी मिळकत ही हिंदू कायद्याप्रमाणे विधवेची आहे, असे त्यांचे साधे व सरळ म्हणणे होते. सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

सरकारने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. मध्यंतरी १८५७ चे प्रचंड वादळ येऊन गेले व कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. २७ जुलै १८५९ रोजी लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल सांगितला. जप्ती ही एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या राज्याविरुद्ध केलेली राजकीय कृती होती आणि अशा कृतीची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायालयाला नाही, असे त्यात ठरले. ती कृती न्याय्य होती की अन्याय्य, शहाणपणाची होती की नव्हती, यात न्यायाधीश शिरले नाहीत. सुप्रीम कोर्टाचा निकाल फिरला. ‘राजकीय कृती’ या तत्त्वाचा तो आधारस्तंभ ठरला आणि स्वतंत्र भारतातही संस्थानांच्या विलीनीकरणातून उद्भवलेल्या दाव्यांत त्याची चर्चा झाली. तंजावरच्या एका विधवेने नवऱ्याच्या मिळकतीसाठी लावलेला दावा राज्यशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला तो असा.

परंतु कामाक्षीबाईंचा दावा व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही. न्यायालयात सरकार जिंकले तरी लोकमतात त्याची बाजू दुबळी पडली होती. खाजगी व सार्वजनिक मालमत्ता वेगळी न काढता सरसकट जप्ती केल्याने आता ती समाधानकारकपणे वेगळी काढणेही शक्य राहिले नव्हते. ऑगस्ट १८६२ मध्ये मद्रास सरकारने स्थावर मिळकत राजांच्या वारसांना परत दिली. ज्येष्ठ राणीने तिची व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना उपभोगाचा वाटा द्यावा, शेवटची राणी निवर्तल्यावर राजकन्येकडे आणि ती नसल्यास राजांच्या पुढील वारसांकडे मिळकत जावी, अशी तिची रचना होती. आजच्या भाषेत बोलायचे तर हे सरकारने एका मृत राजासाठी त्याच्या मागे लिहिलेले मृत्युपत्रच होते.

आणि कोणत्याही संदिग्ध मृत्युपत्राचे जे होते तेच याचे झाले. राण्याराण्यांत दावा उभा राहिला. जिजोयीअंबाबाईसाहेब विरुद्ध कामाक्षीबाईसाहेब या खटल्यात १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ठरविले की, सर्व विधवा मिळून एकत्र वारस आहेत, एक वारली की तिचा हक्क उरलेल्यांकडे जातो आणि व्यवस्थेचा अग्रहक्क ज्येष्ठेचा. एकाहून अधिक विधवा असलेल्या हिंदू कुटुंबांसाठी हा निर्णय दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुढे कामाक्षीबाईंनी दत्तक घेतला आणि घराण्याचा वंश त्या दत्तकाच्या द्वारे चालू राहिला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राण्यांची पिढी संपली आणि मिळकतीचा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. हक्कदार अनेक होते. दत्तकाचे वंशज, दूरच्या सपिंडाच्या नात्याने कोल्हापूरचे महाराज आणि शिवाजीराजांच्या ‘मंगलविलास’ येथील खड्गविवाहाच्या स्त्रियांची संतती. या तिसऱ्या पक्षाच्या हक्कासाठी एक विलक्षण प्रश्न सोडवावा लागला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दासीपुत्राला वारसा मिळे तो केवळ शूद्र वर्णात, द्विजांत नव्हे. म्हणून तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, याचा निवाडा मद्रास उच्च न्यायालयाला करावा लागला! १९२४ मध्ये त्याने शूद्र असे ठरविले. चारच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने वेगळ्या खटल्यात शहाण्णव कुळींचे मराठे क्षत्रिय आहेत असा निर्णय दिला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी काशीच्या गागाभट्टांपुढे जो प्रश्न आला होता, तो अडीचशे वर्षांनी मिळकतीच्या वाटणीसाठी इंग्रजी न्यायासनापुढे आला आणि एकाच समाजाला दोन प्रांतांत दोन उत्तरे मिळाली. माणसाचा हक्क त्याच्या वर्णावरून ठरविण्याची पद्धत किती पोकळ होती हे दाखवायला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जे विश्वस्तांच्या हाती राहिले

येथवर आपण पाहिले ते भांडणाचे धन. आता त्याच घराण्याच्या दुसऱ्या धनाकडे वळू.

सरफोजींना राज्यकारभार उरला नव्हता, पण आपल्या उत्पन्नाचा विनियोग त्यांनी ज्या रीतीने केला ती राज्य करण्याहून कमी नव्हती. यात्रेकरूंच्या सोयीसाठी या घराण्याने रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली होती व त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली होती. सरफोजींनी ती परंपरा वाढविली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांनी आपल्या दिवंगत सहचारिणीच्या नावाने बांधविले. विवाहाने जिला राणीपद मिळाले नव्हते, तिचे नाव असे दानधर्मातून चिरस्थायी झाले. छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी म्हणून १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांत जातिभेद न पाहता वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्याला वैद्य व औषध मिळते, बाळंतिणीची व्यवस्था होते आणि वाटेत मृत्यू आलेल्याचे अंत्यसंस्कार होतात, हे त्यांनी त्यात सांगितले. परमुलखातून आलेल्या आईबापांची मुले पोरकी झाली तर त्यांना पंतोजींच्या स्वाधीन करून अन्न, वस्त्र व विद्या दिली जाते, हेही त्यांनी सांगितले. ज्याचे स्वतःचे बाळपण पालकाविना कोंडवाड्यात गेले, त्या राजाला पोरक्या मुलांची ही व्यवस्था महत्त्वाची वाटावी यात नवल नाही.

बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. या प्रचंड शिलालेखाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. वारशाच्या दृष्टीने पाहिल्यास ते एक हक्कपत्रही आहे. ज्याच्या दत्तकावर अकरा वर्षे वाद चालला, त्याने आपली वंशावळी कागदावर न ठेवता दगडावर ठेवली.

राजवाड्याच्या देवस्थानाकडे अठ्ठ्याऐंशी मंदिरे आहेत आणि भोसले घराण्यातील ज्येष्ठ पुरुष परंपरागत विश्वस्त या नात्याने त्यांच्याशी आजही निगडित आहे. १९२६ चा मद्रास हिंदू धार्मिक देणग्यांचा कायदा व त्यानंतरचे १९५१ व १९५९ चे कायदे यांनी अशा विश्वस्तांवर शासनाची देखरेख आणली, परंतु विश्वस्तपद राहिले.

आणि सरस्वती महाल. १८५५ नंतर हा ग्रंथसंग्रह राजवाड्यातच होता. तंजावरचे जिल्हा न्यायाधीश बर्नेल हे संस्कृतज्ञ होते व वारसा आणि विभागणी यांवरील प्राचीन ग्रंथांचे त्यांनी भाषांतर केले होते. त्यांनी या संग्रहाची वर्गीकृत सूची केली व १८८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. मिळकतीचे वाद चालू असतानाच १९१८ मध्ये घराण्याच्या वारसांनी हा संग्रह लोकांसाठी दिला आणि १८९० च्या धर्मादाय देणगी कायद्याखाली तो न्यासाच्या स्वरूपात आला. ज्या वर्षांत जमिनीच्या तुकड्यांसाठी वकीलपत्रे भरली जात होती, त्याच वर्षांत हे घडले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पोथ्या वाटून घेतल्या असत्या तर त्या कोठे गेल्या असत्या याची कल्पनाही करवत नाही. आज तंजावरचे जडजवाहीर कोठे आहे हे सांगता येणार नाही, पण तंजावरच्या मराठी नाटकांच्या पोथ्या व मोडी कागदांचे रुमाल सरस्वती महालात आहेत आणि कोणीही अभ्यासक तेथे जाऊ शकतो.

आजचा कायदा

स्वातंत्र्योत्तर काळात हिंदू कायद्यात जे बदल झाले, त्यांनी तंजावरच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बदलले. कामाक्षीबाईंना मिळालेला हक्क हयातीपुरता होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या अशा मर्यादित मालकीचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. विधवा, मुलगी व मुलगा हे प्रथम वर्गाचे वारस म्हणून बरोबरीने आले. दत्तक घेण्यासाठी द्राविड देशातील विधवेला नवऱ्याची आज्ञा किंवा सपिंडांची संमती लागे आणि महाराष्ट्रातील विधवेला सामान्यतः ती लागत नसे. १९५६ नंतर हा भेद मिटला आणि दोघींनाही स्वतःच्या अधिकारात दत्तक घेता येऊ लागले.

मुलीच्या हक्काच्या बाबतीत तमिळनाडू महाराष्ट्राच्या पुढे होते हे येथील मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती तमिळनाडूत २५ मार्च १९८९ पासून लागू झाली, महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून. राज्यांच्या दुरुस्त्यांत अगोदरच विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने तो भेद काढला. त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. जानेवारी २०२२ मध्ये तमिळनाडूतूनच आलेल्या अरुणाचल गौंडर खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, १९५६ पूर्वीही पुरुषाची स्वतंत्र मिळकत त्याच्या मागे पुत्र नसल्यास भावाच्या मुलांआधी मुलीकडे जात असे. रद्दबातल विवाहाच्या संततीला मातापित्यांच्या वाट्यात हक्क आहे, असे सप्टेंबर २०२३ मध्ये ठरले. मंगलविलासाच्या संततीला जो हक्क वर्णाच्या चौकशीतून मागावा लागला, त्या प्रश्नाचा पाया आता माणुसकीचा झाला आहे.

पालकत्वाबाबत १८९० चा पालक व पाल्य कायदा व १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांचे मर्म एकच आहे : मुलाचे कल्याण सर्वांत आधी. १९९९ च्या गीता हरिहरन खटल्याने आईच्या नैसर्गिक पालकत्वाला वडिलांच्या हयातीतही स्थान दिले. मृत्युपत्राने पालक नेमता येतो. परंतु मागे हयात असलेल्या आईचा अधिकार त्याने डावलला जात नाही.

मृत्युपत्राची कल्पना आपल्या धर्मशास्त्रात नव्हती. मद्रास इलाख्यात १८२९ च्या विनियमाने हिंदूंच्या मृत्युपत्रांना जवळजवळ अमान्यच केले होते. १८५६ मध्ये, म्हणजे राजवाड्याला कुलपे पडली त्याच वर्षी, प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडील एका खटल्यात हिंदूला मृत्युपत्र करता येते हे मान्य केले. पुढे १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा आला व त्याचा समावेश १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात झाला. आज मृत्युपत्राला लागते ते थोडेच : लेखी मजकूर, करणाऱ्याची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि शुद्धीवर असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते.

उपसंहार

आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना हा जुना इतिहास सांगण्याचे प्रयोजन उघड आहे. परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांची घरे एका राज्यात, वडिलोपार्जित शेत दुसऱ्या राज्यात आणि मुले तिसऱ्याच देशात अशी स्थिती आहे. मिळकत कोठे आहे, कागद कोणत्या पेटीत आहेत, वाडवडिलांच्या पोथ्या व मोडी दप्तरे कोणाला द्यावयाची आहेत, हे सांगणारा माणूस गेला की सांगणारे कोणी उरत नाही. तुळजाजींनी उशीर केला, शिवाजीराजांनी काहीच केले नाही. दोघांच्याही मागे राहिलेल्या स्त्रियांनी व मुलांनी त्याचे फळ भोगले.

दुसरी गोष्ट संस्थेविषयी. तंजावरच्या भोसल्यांचे जे आज लोकांच्या उपयोगी पडते आहे, ते ग्रंथालय व ती देवस्थाने, विश्वस्तांच्या हाती सोपविलेले आहे. मंडळाची वास्तू, ग्रंथालय व निधी हेही कोणाच्या मालकीचे नसून विश्वस्तबुद्धीने सांभाळावयाचे धन आहे. त्याचे दस्तऐवज चोख असावेत, हिशेब वेळच्या वेळी व्हावेत आणि विश्वस्तांची नेमणूक संदिग्ध राहू नये, एवढी दक्षता पुढील कार्यकारिणींनी घेतली तर मंडळाच्या शताब्दीच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्यांना न्यायालयाचे निकाल चाळावे लागणार नाहीत. ज्यांच्या घरी जुनी मोडी कागदपत्रे असतील त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता सरस्वती महालासारख्या एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावीत, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.